गडग्यावरची फांदी

एका गावात बांगड्या भरणारा एक कासार होता. पाठीवर गाठोडं टाकून तो वाडीवाडीत हिंडे. "हात सैल सोडा बाई. माहेरचं काहीतरी सांगा, म्हणजे दुखायचं नाही," असं बोलत बोलत तो बांगड्या चढवी. बायका म्हणत, कासार मोठा बोलका माणूस. पण संध्याकाळी घराचं कुलूप काढलं की त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. बायको गेल्यापासून घरात ऐकायला कुणी नव्हतं.

तिची एक खूण अंगणात उरली होती, अबोलीचं झुडूप. त्याच्या अंगणाच्या आणि शेजारच्या काकीच्या परसाच्या मध्ये दगडांचा बुटका गडगा होता. पलीकडे काकीचा फणस. त्याची एक मोठी फांदी गडग्यावरून अलीकडे आली होती आणि तिच्याच सावलीत बायकोनं अबोली लावली होती. दर शुक्रवारी ती फुलं खुडायची, वेणी ओवायची आणि काकीच्या देवीसाठी गडग्यावरून द्यायची.

ती गेल्यावर काही दिवसांनी काकी गडग्याशी आली.

"अरे, चार फुलं देतोस का? आज शुक्रवार."

"नको काकी. ती फुलं तिची आहेत."

काकीनं पुढे केलेला हात मागे घेतला. मग "बरं" म्हणून रिकाम्या हातांनी परत गेली. त्यानंतर ती गडग्याशी आली नाही.

फुलं कुणी खुडेना. ती झुडपाच्या कणसांसारख्या तुऱ्यांवरच सुकली, कणसं वाळून तपकिरी झाली आणि नव्या कळ्या येईनाशा झाल्या. कासार रोज संध्याकाळी झुडपाशी बसे आणि त्याला वाटे, अबोलीचं काहीतरी बिनसलंय. एके दिवशी वर पाहिलं तर फणसाची फांदी दिसली. त्याला कारण सापडलं.

"काकी, तुझ्या फांदीनं माझी अबोली गुदमरली. फांदी तोड."

"अबोलीला सावली बाधत नाही रे. तुलाच बाधतेय."

"माझं झाड मला कळतं."

काकीनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी गडी बोलावून तिनं फांदी उतरवली. फणसाचा पांढरा चीक गडग्यावर ओघळत राहिला.

चार दिवस कासार खूश होता. अंगणात लख्ख उजेड आला होता. पण ते दिवस वैशाखाचे. पानं फिकी पडली, मग त्यांच्या कडा करपल्या. त्यानं पाणी वाढवलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तो झुडपाच्या डोक्यावरून तांब्या ओती. वाळक्या कणसांवर पाणी पडलं की थोड्या वेळानं त्यांतली बियांची बोंडं तडतड फुटत आणि बारीक बी इकडे तिकडे उडे. पहिल्यांदा तो दचकून मागेच सरला. बायको असती तर पोट धरून हसली असती, असं त्याला वाटलं, आणि घर आणखी रिकामं झालं.

शेवटी सगळी पानं झडली. त्यानं कुदळ आणली, उपटून टाकू म्हणून. पण हात उचलेना. तिचं हेच एवढं राहिलं होतं. गडग्यापलीकडे काकी कोकमं फोडत बसली होती. गावभर शंभर बायकांशी बोलणाऱ्या त्या माणसाला एक हाक मारायला फार वेळ लागला.

"काकी, चुकलो मी. तिची अबोली चाललीय. काहीतरी सांग."

काकी हात पुसत आली. तिनं खोडावर नखानं ओरखडा काढून पाहिला. आत जराही हिरवं नव्हतं.

"गेली रे बाबा."

कासार तिथेच मातीत बसला. काकी गडग्यावर टेकली.

"तुझ्या अंगणात जागा का कमी होती? विहिरीकडे लावता आली असती. मी म्हटलंसुद्धा. तर ती म्हणाली, 'इथेच लावते काकी, पाणी घालताना रोज तुमच्याशी दोन शब्द होतील.'" काकीनं गडग्यावर वाळलेल्या चिकावरून बोट फिरवलं. "आता मीही दिवस दिवस कुणाशी बोलत नाही."

मग ती उठली. "ये इकडे."

फणसाच्या खाली, भांड्यांचं पाणी जायचं त्या ओलीवर, पाचोळ्यातून अबोलीची इवली रोपं वर आली होती.

"तू तांब्या ओतायचास तेव्हा बी इथवर उडायचं. उपटणार होते, रागच होता तुझा. मग म्हटलं, राहू दे."

कासारानं एका रोपाच्या बाजूची माती हळूच चाचपली. "एक घरी नेऊ?"

"ने. पण सावली कुठून आणशील?"

त्यानं गडग्यावरून आपल्या उघड्या अंगणाकडे पाहिलं.

"इथेच येत जा पाणी घालायला," काकी म्हणाली. "मी चहा टाकते."

तो येऊ लागला. रोपांची झुडपं झाली, कणसं धरली. एका शुक्रवारी त्यानं पहिली फुलं खुडली आणि स्वतः वेणी ओवली. बांगड्या चढवण्यात तरबेज असलेली त्याची बोटं दोऱ्यात अडखळली. वेणी वाकडीतिकडी झाली.

काकीनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "ती याहून बरी ओवायची."

"ती गाठ घट्ट मारायची," कासार म्हणाला.

वेणी देवीला वाहून झाल्यावर दोघं गडग्यावर बसली, आणि ती गेल्यानंतर पहिल्यांदाच तिच्याबद्दल पोटभर बोलत राहिली.

तात्पर्य इतकंच: गेलेल्या माणसाची माया एकट्यानं कोंडून ठेवली तर सुकते, तिला दुसऱ्याच्या सावलीत थोडी जागा द्यावी लागते.