मोटारआजींचं लिंबू

फार वर्षांपूर्वी टेकडीवरच्या एका गॅरेजच्या दारातच एक दुर्मिळ अमेरिकन मोटार ठाण मांडून बसली होती. तिची कंपनी डबघाईला आली होती, पण तिचा तोरा कायम होता. दसऱ्याची पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली. आधी मोटारआजींनी लिंबू चिरडायचं, मगच गॅरेजमधल्या बाकीच्या गाड्यांनी बाहेर पडायचं, असा रिवाज.

आजींचं इंजिन काही सुरू होईना. मागे अडकलेली तरुण स्कूटर वैतागली. "आजी, वाट सोडा! सोनं वाटायला उशीर होतोय!"

"गप्प बस गं! आमच्यासारख्या आता घडत नाहीत."

"खरंय," म्हणत स्कूटरनं मागून सणसणीत ढुशी दिली. लिंबू फचकन फुटलं आणि आजी उतारावरून निघाल्या.

"बघितलंस? अजून दम आहे!"

मोकळ्या दारातून स्कूटर भुर्रकन सुटली. "हो आजी! आता ब्रेक लावून दाखवा!"