उंदरांची ड्यूटी

लष्करी वर्कशॉपात रणगाड्यांना नवा रंग लागू लागला आणि रंगाऱ्यांच्या खोकल्याने छपराचे पत्रे थरथरायला लागले. रंग विषारी आहे का, हे तपासायला आरोग्य निरीक्षक दुसानेबाई आल्या, तर वर्कशॉपच्या कर्नलसाहेबांनी त्यांच्यासमोर रंगाच्या कंपनीचा अहवाल आपटला.

"वाचा! या रंगाच्या वाफेत ठेवलेले सगळे उंदीर ठणठणीत आहेत. अहवालाबाहेर एक अक्षर चालणार नाही. करा सही!"

बाईंनी अहवाल शेवटपर्यंत वाचला, सही केली आणि रंगाऱ्यांकडे वळल्या. "कामाला लागून तास झाला ना? चला, निघा घरी."

"घरी?" कर्नलसाहेब ओरडले. "अहो बाई, ड्यूटी आठ तासांची आहे!"

"उंदरांची तासाभराचीच होती, साहेब. मग त्यांना बाहेर काढलं. अहवालाबाहेर मी कशी जाऊ?"

दुपारपर्यंत शेडला वाफ ओढणारे बारा पंखे बसले. शिडी खुद्द कर्नलसाहेबांनी धरली होती.