मोहोळाचा राजा अंडी घालतो

“मधमाश्यांना राजा नसतो, सरकार. बाई असते!”

करंजगडच्या भर दरबारात बुधा ठाकर एवढंच बोलला, आणि नजराण्याचा मधाचा हंडा खाली ठेवायच्या आत त्याच्या हातात बेड्या पडल्या.

चूक त्याचीच. विद्याधरशास्त्री त्या वेळी आपला ‘मक्षिकाराजप्रकाश’ हा नवा ग्रंथ वाचून दाखवत होते. बारा वर्षांची तपश्चर्या! मोहोळ चावतं म्हणून शास्त्रीबुवा कधी मोहोळाजवळ फिरकले नव्हते, पण दरबार त्यांनी फार जवळून पाहिला होता. त्यामुळे ग्रंथात सगळं यथास्थित सापडलं. मोहोळात राजा असतो, त्याचा सेनापती असतो, माश्या त्याला मुजरा करतात आणि मधाचा पहिला वाटा राजगुरूंना पोचतो. राजे मानाजीरावांना ग्रंथ फार आवडला. राजगुरूंनाही आवडला. राजगुरू शास्त्रीबुवाच होते.

आणि मध्येच हा रानातला मधकाढ्या म्हणे, बाई!

बुधाबरोबर त्याची लेक नवशी आली होती. बापाच्या बेड्या पाहून तिचं काळीज लटपटलं, पण जीभ नाही लटपटली.

“महाराज, बाबा रोज बघतो तेच बोलला. त्याला सोडा.”

“रोज बघतो म्हणे!” शास्त्रीबुवा हसले. “बघून का कुठे ज्ञान होतं? मग गुराख्यांनीच नसते ग्रंथ लिहिले?”

मानाजीराव मोठे हट्टी. मिशीला पीळ देत ते म्हणाले, “पोरी, आठ दिवस देतो. मोहोळाच्या त्या धन्याला इथे हजर कर. तो राजा नाही असं शास्त्रीबुवांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, तर तुझा बाप सुटला. नाहीतर जन्मभर तळघरात!”

दरबार हळहळला. माश्या एक वेळ धरता येतील. पण शास्त्रीबुवांकडून चूक कबूल करून घ्यायची? ते त्यांच्या आईलाही कधी जमलं नव्हतं.

आठव्या दिवशी नवशी डोक्यावर टोपली घेऊन आली. टोपलीत झाडाच्या ढोलीतून अलगद काढलेलं सातेरी माश्यांचं पोळं, वर मलमलीचा तुकडा. तिने कापड सारलं तशी पहारेकऱ्यांनी ढाली तोंडापुढे धरल्या. शास्त्रीबुवांना एकाएकी खांबामागचं नक्षीकाम बघावंसं वाटू लागलं.

नवशीने शेणीचा हलका धूर दिला. माश्या शांत झाल्या.

“ही बघा महाराज, सगळ्यांत लांब अंगाची. बाकीच्या हिला वाट देतात.”

राजे वाकले. ती लांबट माशी एकेका घरात शेपूट खुपसत होती. ती उठली की मागे तांदळाच्या कणीसारखं पांढरं काहीतरी राहायचं.

“हे काय गं?”

“अंडं, महाराज.”

“शास्त्रीबुवा,” राजे सावकाश म्हणाले, “तुमचा राजा अंडी घालतोय.”

खांबामागून शास्त्रीबुवा बाहेर आले. चेहऱ्यावरची रेषाही हलली नव्हती. “घालणारच! राजा हा प्रजेचा जन्मदाता. आणि प्रजा म्हणजे तरी काय? लेकरंच! अगदी शास्त्रात बसतं, महाराज. हा राजाच!”

दरबाराने माना डोलावल्या. दरबाराला तेवढंच काम होतं.

डोळ्यांना दिसेल ते नवशीने आणून दाखवलं होतं, पण ग्रंथ डोळ्यांहून जाड निघाला. बापाच्या बेड्या खुळखुळल्या. तिने शास्त्रीबुवांना वाकून नमस्कार केला.

“शास्त्रीबुवा म्हणतात तेच खरं! माझंच चुकलं. तेवढं ग्रंथात लिहून घ्या, राजा अंडी घालतो. आणि हे समद्या राजांचं लक्षण असेल महाराज, तर आपलं डोहाळजेवण कधी धरायचं? सुईणीला आजच वर्दी द्या. बाळंतविडा शास्त्रीबुवा आणतीलच!”

प्रधानजींना जोराचा ठसका लागला. राजे लालबुंद झाले.

“शास्त्रीबुवा! आम्ही बाळंत होणार?”

“छे, छे, महाराज!” शास्त्रीबुवांची पगडी तिरकी झाली. “भलतंच! राजा कसा बाळंत होईल? पोटी अंडं असो की लेकरू, घालणारी बाईच!”

“मग ही पोळ्यावरची?” नवशीने हळूच विचारलं.

“बाई! बाई! त्रिवार बाई!” शास्त्रीबुवा ओरडले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं.

मानाजीराव खो-खो हसले. बुधाच्या बेड्या तिथेच निघाल्या.

“लिहा शास्त्रीबुवा,” राजे डोळे पुसत म्हणाले, “मोहोळात राणी असते!”

“आम्ही राणी नाही म्हणत, महाराज,” नवशी म्हणाली.

“मग काय म्हणता?”

“सासूबाई! आम्हा रानातल्या माणसांनी राणी कुठे बघितली? सासू घरोघरी असते. बसल्या जागी खाते, कामाला हात लावत नाही, समद्या तिच्याच भोवती नाचतात. आणि घरात दुसरी झाली की एकीला बिऱ्हाड हलवावंच लागतं!”

पडद्याआडून कुणीतरी खुदकन हसलं. धाकट्या राणीसाहेब! राजांनी दचकून पडद्याकडे पाहिलं, आत राजमाताही बसल्या होत्या, आणि मग मात्र ते पोट धरधरून हसले. दरबारही हसला, या वेळी हुकमाशिवाय.

नवशीला राजांनी हातातलं सोन्याचं कडं दिलं, आणि डोंगराच्या मधाचा हक्क बुधाच्या घराण्याला कायमचा लिहून दिला. शास्त्रीबुवांनाही बक्षीस मिळालं : वर्षभर बुधाच्या झोपडीत मुक्काम, रोज एक मोहोळ, आणि ग्रंथ पुन्हा पहिल्या पानापासून!