पाचव्या वर्षातले हातमोजे

एका सरकारी वीज महामंडळाचे अध्यक्ष मिरीकरसाहेब स्वतःच्या एका नियमावर फार खूश असायचे. पंचवार्षिक अंदाजपत्रकात एखादा खर्च पुढे ढकलला, तर त्या ढकलण्यामुळे होणारा खर्चही शेजारच्या रकान्यात लिहायचा, आणि तो आकडा अध्यक्षांनीच सांगायचा.

यंदा त्यांनी लाइनमनचे रबरी हातमोजे पाचव्या वर्षात टाकले. "जुने फाटलेत म्हणून काय झालं? सांभाळून काम करायला सांगा."

अंदाजपत्रक लिहिणाऱ्या शैला डोईफोडे यांनी पेन उघडलं. "साहेब, शेजारचा रकाना राहिला. खांबावर मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई. दरवर्षी किती माणसं धरू?"

साहेब चिडले. "शून्य लिहा."

"लिहिते. खाली सही करा. तिच्या प्रती काढून प्रत्येक लाइनमनला देते. हातमोजे नाहीत, तर तुमची सही हातात धरून चढतील."

साहेबांनी पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं. मग सही न करताच हातमोजे पहिल्या वर्षात आणले.

मागणीतली लाइनमनच्या नावांची यादी मात्र जुनीच होती. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात खांबावरच जीव गेलेल्या लाइनमन निवृत्ती गवारेच्या नावाचाही एक जोड आला.