मिठाचं गलबत

फार पूर्वीची, ढगांना बोलता येत होतं तेव्हाची ही गोष्ट. एक राज्य होतं समुद्राकाठी आणि एक डोंगरमाथ्यावर. दोन्हींमध्ये एकच नदी. डोंगरात जन्मायची, उड्या मारत खाली यायची आणि समुद्राकाठच्या लोकांची तहान भागवून समुद्राला मिळायची. नदीचं येणं होतं, माणसांचं मात्र जाणं-येणं नव्हतं. कधीकाळी काहीतरी बिनसलं होतं. काय, ते खालच्यांना आठवत नव्हतं आणि वरचे सांगत नव्हते.

एके वर्षी डोंगरावरच्या राणीने नदीला बांध घालून पाणी आपल्याच शेतांकडे वळवायचं मनात आणलं. खाली घबराट उडाली. तिथल्या विहिरी सगळ्या मचूळ. नदी गेली तर लेकरांना पाजायचं काय? राजाने आपल्या म्हाताऱ्या दूताला बोलावलं.

"डोंगरावर त्यांच्या राज्याचा स्थापनादिन आहे. जा, आणि मैत्री जोडून या. रिकाम्या हाताने मात्र जाऊ नका."

"काय नेऊ महाराज?"

"हे काय विचारणं झालं? मीठ न्या. आपल्यासारखं मीठ आहे कुणाकडे?"

मिठागरातल्या कारागिरांनी शुभ्र मिठाचं एक गलबत घडवलं. शिडं फुगलेली, डोलकाठीवर चिमुकला पक्षी. दूत तर त्याच्या प्रेमातच पडला. बोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्यात ही अशी भेट. काम फत्ते झालंच म्हणून समजा, असं तो वाटभर स्वतःलाच सांगत होता.

चढणीवर त्याला एक ढग भेटला. तोही समुद्रावरूनच निघालेला, खडकाला टेकून दम खात होता.

"एवढं जड काय घेतलंयस?" ढगाने विचारलं.

"मीठ. राणीसाहेबांसाठी."

"अरे बाबा, मी जन्मभर समुद्राचं पाणी वर नेतोय. पण मीठ खालीच ठेवून येतो. म्हणून तर वरचे लोक माझं पाणी पितात."

दूत हसला. "तू पडलास ढग. तुला दरबारातलं काय कळणार?"

ढग आपला तरंगत मागोमाग येत राहिला.

वरचं नगर धुक्यात होतं. राजवाड्याची दारं सताड उघडी होती आणि धुकं आत येऊन पंगतीत बसलं होतं. नगारे नाहीत, पताका नाहीत. कुणाची तरी झोप मोडेल अशा बेताने माणसं हळू बोलत होती. प्रत्येकापुढे लाकडी वाडग्यात पांढरी पेज होती. हा कसला उत्सव, असं दूताला वाटलं. थांबा, मी आता रंगत आणतो!

त्याने गलबताची पेटी उघडली. "राणीसाहेब, आजच्या शुभदिनी तुमच्या पेजेला आमच्या समुद्राची चव येऊ द्या," असं म्हणून त्याने शिडाचा एक तुकडा मोडला आणि पुढे केला.

राणीने आपल्या वाडग्यावर हात ठेवला. पंगतीतली माणसं एकेक करून उठू लागली.

दूताच्या तोंडचं पाणी पळालं. "माझं काय चुकलं, राणीसाहेब?"

"आमचे पूर्वज इथे आले तेव्हा त्यांच्याजवळ काहीच नव्हतं," राणी म्हणाली. "पहिल्या हिवाळ्यात ते मीठ मागायला तुमच्या वेशीवर गेले. तुमच्या लोकांनी दार उघडलं नाही. अळणी पेजेवर आमची पोरं जगली. काही जगली नाहीत. म्हणून आजच्या दिवशी आम्ही अळणी खातो. हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं?"

"नव्हतं," दूत म्हणाला. त्या ठाऊक नसण्याचीच त्याला जास्त लाज वाटली. पाठ केलेलं भाषण त्याने गिळून टाकलं. गलबत उचललं, बाहेरच्या पायरीवर ढगाजवळ नेऊन ठेवलं आणि परत येऊन पंगतीच्या टोकाला बसला.

"मलाही पेज वाढा."

खाऱ्या वाऱ्यात वाढलेला माणूस तो, अळणी घास घशाखाली उतरेना. बंद वेशीबाहेर उभी असलेली भुकेली पोरं त्याला दिसू लागली. मग मचूळ पाणी थुंकून टाकणारी आपल्याकडची पोरं दिसली. धुक्यात ती सगळी एकमेकांत मिसळली. कुठली वरची, कुठली खालची, ते काही त्याला ओळखता येईना. म्हाताऱ्याला रडू आवरलं नाही. आसवं टपटप वाडग्यात पडली.

"माफ करा, राणीसाहेब," तो घाबरून म्हणाला. "माझी पेज खारट झाली. तुमची रीत मोडली."

राणीने त्याच्या वाडग्यात पाहिलं. मग तिने आपल्या वाडग्यावरचा हात काढला.

"जेवा," ती म्हणाली. "एवढं मीठ आमच्या रीतीत बसतं."

उठलेली माणसं पुन्हा बसली. बाहेर ढग हलकेच बरसला. संध्याकाळी दूत निघाला तेव्हा पायरीवर गलबत नव्हतं. ते विरघळून नदीवाटे आपल्या घरी निघालं होतं.

बांध झाला नाही. नदी वाहत राहिली. पुढच्या वर्षापासून त्या दिवशी समुद्राकाठीही घरोघरी अळणी पेज शिजू लागली आणि वेशीचं दार दिवसभर उघडं राहू लागलं. मीठ वर जायचं ते दुसऱ्या दिवशी. तेव्हा डोंगरावरचे लोक ते घ्यायला अर्ध्या वाटेपर्यंत खाली उतरून यायचे.

तात्पर्य: ज्याच्याशी मैत्री जोडायची, त्याच्या सणाला जाण्याआधी त्याचं दुःख विचारून घ्यावं.