पंधरा किलोचा डबा

दूध संघाला डेटाबेस विकायला आलेले सरपोतदारसाहेब ऐटीत म्हणाले, "सर्व्हरला सोळा कोअर, म्हणजे सोळा मेंदू आहेत, तर लायसन्सही सोळांचं लागेल."

"आम्ही वापरणार दोनच! गवळ्यांना दिवाळीला वाटायचे दूधफरकाचे पैसे यातच जातील," संगणक विभागाच्या चौगुलेबाई कळवळून म्हणाल्या.

"सर्व्हर सोळांचा आहे. वापरायचे किती, हा तुमचा प्रश्न."

चेअरमननी सहीला पेन काढलं. तेवढ्यात साहेबांनी घरी न्यायला अर्धा किलो तूप मागितलं. बाईंनी पंधरा किलोच्या डब्यात, तळाशी अर्धा किलो तूप आणलं आणि बिल लावलं पंधरा किलोचं.

"अहो, ही काय पद्धत झाली?"

"डबा पंधराचा आहे, साहेब. आत तूप किती, हा तुमचा प्रश्न."

चेअरमननी हसत पेनाला टोपण लावलं. साहेबांनी करारातले सोळा खोडून दोन केले, तेव्हा कुठे बाईंनी बिलावरचे पंधरा खोडले.