दोन सारख्या दोऱ्या

शके अठराशे बाराच्या हेमंतात आमराईतल्या सुतारपक्ष्याने एक लाकडी विमान घडवले. घरट्यांची राखण करणाऱ्या गेनू मुंगसाने सापाच्या तोंडातून सुतारपक्ष्याची पिल्ले वाचवली होती. ते ऋण फेडायचे, म्हणून विमान गेनूसाठी.

विमानात दोन दोऱ्या होत्या. एकीने पंख मिटायचे, दुसरीने पाय. सुतारपक्ष्याला कामात उजवेडावे खपत नसे. दोन्ही दोऱ्या त्याने एकाच जाडीच्या केल्या आणि शेजारी शेजारी बांधल्या.

गेनू झकास उडाला, अलगद टेकला आणि पंख मिटायला म्हणून पायांची दोरी ओढून बसला. विमान पोटावर आपटले. गेनूचा पाय कायमचा अधू झाला.

"वेंधळा आहे. माझ्या कामात खोट नाही," सुतारपक्षी पक्ष्यांच्या सभेत म्हणाला.

"दादा, दोऱ्या ओळखू येईनात," गेनू म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडे," साळुंकी म्हणाली. सगळे हसले. वेंधळ्याच्या भरवशावर अंडी कशी सोडायची, म्हणून गेनूची राखण काढून घेतली.

पुढे विमान दुरुस्त करून सुतारपक्षी स्वतः उडाला. टेकताच त्याच्याही चोचीने पायांचीच दोरी ओढली. विमान पुन्हा पोटावर आपटले.

मग त्याने सभा बोलावली. "चूक गेनूच्या हातून झाली, पण चुकायची सोय मी करून ठेवली होती. वेंधळा मी. राखण त्याची त्याला द्या."

"आणि पाय?" साळुंकीने विचारले.

"तो मला देता येत नाही."

गेनू उठला आणि लंगडत घरट्यांखाली राखणीला जाऊन बसला.